गॅसवर दूध आणि दाराला खिटी

माझी नात चार वर्षांची. रोज दुपारी ती टीव्हीवर लहान मुलांचा एक कार्यक्रम बघते. त्यात एक कासव आहे. कुणी पडलं, कुणाचं काही मोडलं, की ते शेजारी जाऊन बसतं आणि मऊ आवाजात विचारतं, "तुला भीती वाटतेय का?" मग म्हणतं, "हळूहळू परत करून बघू." झालं, संपला कार्यक्रम! मला बघूनच वैताग यायचा. माझं माहेर बिद्रीकडचं, शेतातलं. आम्ही पडलो की आधी पाठीत धपाटा मिळायचा, फुंकर त्यानंतर. "असलं गुळगुळीत बघून पोरगी मेंगळट व्हईल," असं मी सुनेला कितीदा तरी सुनावलंय. ती हसायची आणि कामावर जायची.

त्या दिवशी घरात आम्ही दोघीच होतो. दूध गॅसवर ठेवलं आणि तापेपर्यंत कपडे वाळत घालू म्हणून मी गॅलरीत गेले. कठड्यावर मांजर बसलेलं. रोज दुधावर टपलेलं असतं मेलं. मी आत बघून ओरडले, "दार लाव गं, मांजर शिरंल!"

पोरगी गुणाची. तिनं दार लावलं आणि शिवाय खालची खिटीही घातली.

ती खिटी इतकी घट्ट, की दार दाबून धरल्याशिवाय मलाही निघत नाही. मोबाइल आत चार्जिंगला. पुढचं सेफ्टी डोअर लोखंडी, तेही आतून बंद. आणि गॅसची आच मोठी. दूध उतू जाणार, आच विझणार, गॅस घरभर पसरणार आणि आत माझी नात.

"खिटी काढ! वर वढ की! वढ म्हणते न्हवं!"

माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. ती रडायला लागली. मी आणखी ओरडले, ती आणखी रडली. खालून एक मोटरसायकलवाला चाललेला, त्याला हाक मारली. "ओ पावणं! पोरगी अडकलीया आत, गॅस चालू हाय!" तो बिचारा गाडी टाकून जिना चढून आला आणि पुढचं दार धडाधडा बडवायला लागला. आता तर पोरगी किंचाळलीच. "बडवू नगासा वो! गप ऱ्हावा जरा!" मी इकडून बोंबलत होते, पण त्याला काय ऐकू जाणार?

तेवढ्यात दाराच्या फटीतून करपल्याचा वास आला. दूध उतू गेलं होतं. आत टीव्हीवर कासवाचं बोलणं चाललेलं, आणि पोरीचं रडणं दारापासून लांब जायला लागलं. ती पळून कुठं लपली असती तर सगळंच संपलं असतं.

मी खाली बसले, फरशीला गाल टेकला आणि फटीजवळ तोंड नेलं. जन्मात कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं.

"बाळा, भ्या वाटतंय का गं तुला?"

हुंदका थांबला. "हो." मग पावलं जवळ आली. "आजी, तुला पण भीती वाटतेय?"

काय सांगू! नवरा दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा सगळे म्हणायचे, वहिनी खमक्या आहेत, त्यांची काळजी नको. मीही पदर खोचून उभी होते. माझ्या आत काय चाललंय ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"व्हय गं माझे बाई. लई भ्या वाटतंय."

"रडू नको. मी आहे ना. हळूहळू करून बघू."

मी खांद्यानं दार दाबून धरलं. तिनं ओढलं. खिटी हलली नाही. "परत करू," तीच म्हणाली. परत ओढलं. आता फटीतून गॅसचाही वास येत होता. ओरडायला जीभ नुसती शिवशिवत होती, ती मी दातांखाली धरली. आतून तिचं जोर लावून कुंथणं ऐकू आलं, मग लोखंड करकरलं आणि खिटी वर आली.

मी धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, पोरीला कडेवर घेऊन पुढचं दार उघडलं. पावणं घामाघूम झाले होते. "काय मावशी, जीवच घेतला की आमचा!" म्हणाले आणि पायरीवरच बसले. मी त्यांना तांब्याभर पाणी दिलं.

संध्याकाळी सून आली. "काय करपलं हो?"

"काय न्हाय. दूध उतू गेलं."

"आजीला खूप भीती वाटत होती," नात म्हणाली. मी डोळे वटारले.

सुनेनं खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नाही. तशीच माझ्या शेजारी येऊन बसली. "अजून वाटतेय का हो, आई?"

"व्हय," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.