हजेरीचं कोरं पान

रस्त्याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तेव्हा तो वाचून दाखवायला मलाच बोलावलं. मी अंगणवाडीत काम करते, चार अक्षरं जास्त शिकलेली, त्यामुळे गावातला कुठलाही कागद आधी माझ्या हातात येतो. या गोष्टीचा मला थोडा तोरा होता, हे कबूल करते.

पुढच्या वीस वर्षांत जिल्ह्यात कुठून कुठे रस्ते जातील, त्याचा तो आराखडा होता. त्यातली एक जाड लाल रेघ आमच्या तलावाच्या आणि आमच्या बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या शेतांच्या, मधून गेली होती. आधी मला काहीच वाटलं नाही. मग रेघेवर बोट फिरवताना लक्षात आलं की नकाशात तलावाचे पाटच नाहीत. मोजणीवाले भर उन्हाळ्यात आले होते, तेव्हा पाट कोरडे होते आणि त्यांत गवत वाढलेलं होतं. त्या रेघेवर रस्त्याचा भराव पडला तर तलावाचं पाणी पलीकडेच राहणार होतं आणि आमचा धान उभ्याउभ्या वाळणार होता.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, गावाचे पाणकर. तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत कधी आणि किती सोडायचं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

लाखांदूरला जनसुनावणी ठरली. जायच्या आदल्या दिवशी देवळापुढे बैठक झाली. पलीकडच्या एका गावात हजेरीच्या सह्या घेतल्या आणि पुढे त्याच संमती म्हणून दाखवल्या, असं कुणीतरी ऐकून आलं होतं. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मलाही भीती वाटत होती, पण शिकलेल्या बाईने भ्यायलेलं दिसू नये म्हणून मी ठासून सांगितलं, "बोला सगळे, पन सही कोनी करू नका. सही केली का जमीन गेली समजा."

एसटी भरून आम्ही गेलो. दारात टेबलावर हजेरीचं रजिस्टर होतं. एकेक जण त्याच्याकडे न पाहता आत गेला, मीही गेले. आत रस्त्याच्या साहेबांनी नीट समजावलं, उगाच खोटं कशाला बोलू. पैसा टप्प्याटप्प्याने येणार, आणि ज्या टप्प्यावर हरकत नाही त्याला निधी आधी मिळणार, असं ते म्हणाले. मामाजी उठले. पाणी तुडूमातून, म्हणजे तलावाच्या तोंडातून, निघून कुठे वळतं, कुणाच्या बांधीतून कुणाच्या बांधीत उतरतं, हे त्यांनी हाताने हवेत दाखवलं. साहेबांनी मान हलवली. परतताना बसमध्ये सगळे खुशीत होते. मीही होते.

धानाच्या रोवणीच्या तोंडावर पंचायतीत सुनावणीचं इतिवृत्त आलं. वाचायला अर्थात मीच. आमच्या गावापुढे एकच ओळ होती: "उपस्थिती निरंक, हरकत नाही."

माझ्या स्वतःच्या रजिस्टरात ज्या लेकराची हजेरी नाही, त्याचा खाऊ मी त्या दिवशी धरत नाही. ते लेकरू दारात उभं असलं तरी कागदावर नसतं. हे रोज करणारी मी, आणि अख्ख्या गावाला दारातच उभं ठेवून आले होते.

मामाजींनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. "कोनी नाही आला असं कसं लिवलं? मी त बोललो ना, बाई?"

मी म्हटलं, चूक माझी आहे. ते उठून तलावाकडे निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवस घरोघर फिरून मी हरकतीचा अर्ज लिहिला. पहिली सही माझी केली. सह्या करतानाही लोक मला विचारत होते, यानं जमीन तर जाणार नाही ना, आणि या वेळी मला ठासून काही सांगता येत नव्हतं. कचेरीतल्या बाबूने अर्जावर शिक्का मारला आणि सांगितलं की आमचा टप्पा वर मंजुरीसाठी गेला आहे, अर्ज मागून जोडता आला तर पाहू.

त्यानंतर गाडीचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दारात येते. परवा तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, रस्त्याच्या आखणीच्या लाल रंगाच्या खुंट्या दिसल्या. मामाजी त्यांच्याच शेजारी, पाटात उतरून गाळ काढत होते. मी विचारलं, आता हे काहून करता? फावडं न थांबवता ते म्हणाले, "मोजाले येतीन त पाट दिसला पाहिजे. सही त आपली नाहीच तिथं."

मी पदर खोचला आणि दुसरं फावडं घेऊन खाली उतरले.