चौतीस पॉइंट ब्याऐंशी चौरस मीटर

मी दारू पीत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिगतीत मी एका खेड्यातल्या गुत्त्याचा, सरकारी कागदोपत्री, जबाबदार व्यवस्थापक होतो. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत काही लोकांना अजूनही वाटतं की कोविडमध्ये माझी नोकरी गेली आणि मी बार काढला.

आम्ही नेदरलँड्समध्ये, न्यूनेनच्या पुढे एका लहान गावात राहतो. एक चर्च, एक बेकरी, मक्याची शेतं, आणि चर्चसमोर एक कॅफे. इथे कॅफे म्हणजे कॉफीचं दुकान नव्हे. बिअरचे तीन नळ, एक बिलियर्डचं टेबल आणि त्याच त्याच खुर्च्यांवर बसणारी तीच ती माणसं. पहिल्या हिवाळ्यात त्याच्या दारात माझ्या सायकलची चेन पडली. मालक बाहेर आला, त्याने न बोलता चेन बसवली आणि मला आत नेलं. मी सफरचंदाचा रस मागितला. बिलियर्डचा डाव थांबला. त्यानंतर दर शुक्रवारी मी जात राहिलो आणि माझं नाव कुणालाच उच्चारता येत नसल्यामुळे 'सफरचंद' हेच माझं नाव पडलं. मालकाच्या बायकोला सगळं गाव 'तांते' म्हणायचं, म्हणजे मावशी. मीही म्हणू लागलो.

त्या कॅफेच्या कोपऱ्यात एक लाकडी बूथ होता. आपल्याकडे एसटीडीचे असायचे ना, तसा. दार, चार फळ्यांच्या भिंती, आत एक माणूस उभा राहील एवढी जागा. नाण्याचा फोन कधीच गेला होता, पण मालकाने लाइन ठेवली होती. पहिला लॉकडाऊन लागला आणि कॅफे बंद झाला, तेव्हा तो रोज सकाळी त्या बूथमध्ये उभा राहून नेहमीच्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन करायचा. मलाही.

"जिवंत आहेस का?"

"आहे."

"बरं."

फोन बंद. दहा-बारा सेकंदांचं काम. एका सकाळी फोन आला नाही. दोन मीटिंगांच्या मध्ये, साडेअकराच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं. आपण लावावा, असं वाटलं. मग तिसरी मीटिंग सुरू झाली.

मालकाच्या अंत्यसंस्काराला तीसच माणसांना परवानगी होती. मी एकतिसावा, म्हणून रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभा राहिलो. इथे अशी पद्धत आहे की दफन झाल्यावर सगळे एकत्र बसतात. कॉफी, चीजचे पाव, मग एखादा ग्लास, आणि गेलेल्याबद्दल जे कुणी बोलेल ते. ते झालं नाही. तीस माणसं हात खिशात घालून गाड्यांकडे गेली.

दारूचा परवाना मालकाच्या नावावर होता. तो गेला, तसा परवानाही गेला. त्या वर्षभर कॅफे बंद राहिला. अधूनमधून सगळ्या देशाचेच बंद होते, त्यामुळे कुणाला विशेष वाटलं नाही.

हिवाळ्यात तांते आमच्या दारात आली. मास्क नाकाखाली, हातात अर्जाचा गठ्ठा.

"तुम्ही परदेशी लोक फॉर्म भरण्यात हुशार असता," ती म्हणाली. "माझा मुलगा म्हणतो, कॅफे विकून टाक. उन्हाळ्यापर्यंत परवाना मिळाला नाही, तर मी त्याचं ऐकणार आहे. तसा शब्द दिलाय त्याला. मला त्याआधी फक्त एक दुपार हवी. माझ्या नवऱ्याची कॉफी राहिलीय. ती त्याच्याच कॅफेत झाली पाहिजे."

मुलगा युट्रेख्टला असायचा. महिन्यातून एकदा येऊन भिंतींकडे बिल्डरच्या नजरेने बघून जायचा.

"पण कॉफीला परवाना कशाला लागतो?" मी विचारलं.

"कॉफी पहिल्या अर्ध्या तासापुरती. मग माणसं खरं बोलायला लागतात. त्याला लागतो."

ती बोलली ते खोटं नव्हतं. व्हिसा, वास्तव्य, कर, मुलीची शाळा: दहा वर्षांत मी इतके फॉर्म भरले होते की माझ्याकडे प्लास्टिकच्या कप्प्यांची एक जाडजूड फाइल होती आणि मी ती अभिमानाने पाहुण्यांना दाखवायचो. मी हो म्हणालो. वर फुशारकीत हेही म्हणालो, की कायद्याप्रमाणे कॅफे उघडा असताना नोंदलेला एक व्यवस्थापक हजर लागतो, तू एकटी पुरणार नाहीस, माझंही नाव घाल.

त्यासाठी एक परीक्षा द्यावी लागली. अति प्यायलेल्या गिऱ्हाइकाला कसं ओळखावं, वय कसं विचारावं, भांडण कसं सोडवावं, सगळं डचमध्ये. माझी मुलगी माझी उजळणी घ्यायची. ती डचमध्ये विचारायची, मी अडखळत उत्तर द्यायचो आणि ती मान हलवायची. "बाबा गिऱ्हाइकाला सॉरी म्हणतायत," ती आईला इंग्रजीत सांगायची. "चौथ्यांदा." बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "हे बघायला सासूबाई हव्या होत्या. मुलगा गुत्त्याचा मॅनेजर!"

माझे वडील मात्र खूश होते. ते सगळा जन्म जिल्हा परिषदेत अर्ज घेण्याच्या खिडकीमागे बसलेले. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न हाच: "काय रे, मिळालं का लायसन्स?" मी त्यांना फॉर्मची पानं दाखवायचो. ते चष्मा वर करून बघायचे. म्हणायचे, "एक लक्षात ठेव. विचारलंय तेवढंच लिही. आगाऊ माहिती द्यायची नाही. खिडकीतल्या माणसाला त्रास होतो."

मी हसलो. आम्ही चिप बनवणारी यंत्रं बनवणारे लोक. आमच्याकडे माणसाचा केस म्हणजे डोंगर. मला कुणी मोजमाप विचारावं आणि मी 'अंदाजे' लिहावं?

अर्जात करमणुकीचा एक भाग होता. संगीत असेल का, कोणत्या प्रकारचं?

"कार्निव्हलला बँड येतो," तांते म्हणाली.

"कसा आहे?"

"वाईट."

मी 'पितळी वाद्ये, वर्षातून एकदा' असं लिहिलं. पुढचा प्रश्न होता बसण्याच्या जागेचं क्षेत्रफळ. कायद्याने किमान पस्तीस चौरस मीटर हवं. मालकाच्या जुन्या अर्जात तिथे पेनने लिहिलेलं होतं: सुमारे ३६.

ते 'सुमारे' मला बघवेना. मी घरून लेझरचं यंत्र आणलं, प्रत्येक भिंत तीनदा मोजली, सरासरी काढली. बूथला स्वतःचं दार आहे, म्हणजे ती स्वतंत्र खोली, म्हणून ती वजा केली. संगणकावर नकाशा काढला, मोजमापातली संभाव्य चूक किती तेही खाली लिहिलं, प्रत्येक पानावर आपल्याकडच्यासारखी सही ठोकली आणि फाइल खेमेंटेकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, पाठवून दिली. क्षेत्रफळ: ३४.८२.

पस्तीस हा आकडा मला माहीत नव्हता असं नाही. चार ओळी वरच छापलेला होता. पण उत्तर बरोबर आल्याच्या आनंदात मी तो ओलांडून गेलो. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

वसंतात खेमेंटेतून एका बाईंचा फोन आला.

"साहेब, हा नकाशा तुम्ही काढला?"

"हो," मी म्हणालो. कौतुकाची वाट बघत.

"फार सुंदर आहे. यावर मला परवाना देता येत नाही."

मी संगणकावर अर्ज उघडला.

"आधीच्या अर्जात सुमारे छत्तीस होतं. तुम्ही असं का केलंत?"

"कारण ते तसं आहे."

"पाठवण्याआधी मला एक फोन करायचा. आता मी वाचलंय. वाचलेलं मला न वाचलेलं करता येत नाही."

"बूथ धरला तर पस्तीसच्या वर जातं. दार काढून टाकलं तर?"

"भिंती असेपर्यंत नाही. तुम्हीच ती स्वतंत्र खोली म्हणून दाखवलीय." कागद उलटल्याचा आवाज आला. "तीन आठवडे देते. नाहीतर अर्ज बंद आणि मग पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे शरद ऋतू. तांतेने मुलाला दिलेली मुदत उन्हाळ्याची.

मी तिला सांगायला गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मी तिच्या नवऱ्याचा बूथ वजा केला, हे वाक्य मी दोनदा बोललो; मला वाटलं तिला पहिल्यांदा कळलं नाही. तिला कळलं होतं.

"तो रोज तिथे उभा राहायचा," ती म्हणाली. मग म्हणाली, "विचार करते."

त्या आठवड्यात वडील गेले. पुण्यात दुसरी लाट होती. दवाखान्यात पाच दिवस. इथून जाणं शक्य नव्हतं, गेलो असतो तर परत येणं शक्य नव्हतं. स्मशानात चुलतभावाने फोन धरला होता. स्क्रीनवर आधी पत्र्याचं छप्पर दिसलं, मग त्याचा हातमोज्यातला अंगठा, मग धूर. मग त्याचा डेटा संपला. साडेनऊला माझी टीमची मीटिंग होती. मी मीटिंगला बसलो. माझी पाळी आली तेव्हा काय काय झालं आणि काय राहिलं, ते क्रमाने सांगितलं. कुणीतरी म्हणालं, छान.

मला काही वाटलं नाही. वाटण्याची वाट बघितली, तेही झालं नाही. रविवारी कॉलच्या वेळेला मी फोन समोर ठेवून बसलो. मुलगी शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने ती उठून गेली.

सातव्या दिवशी तांतेचा फोन आला. "बूथ पाडायचा. ये."

"सुतक आहे," बायको म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जा."

तांतेने दार उघडलं. "दाढी वाढवलीस? या साथीत सगळ्यांची अस्वलं झालीत."

"वडील गेले."

"कधी?"

"गेल्या आठवड्यात. आम्ही दहा दिवस दाढी करत नाही."

ती माझ्या हातातल्या कटावणीकडे बघत राहिली. "आणि तू इथे आलास?"

"पस्तीस करायचेत."

तिने कॉफी केली. आम्ही बिलियर्डच्या टेबलाच्या दोन टोकांना, दीड मीटरच्या नियमाने, बसून ती प्यायलो. मग तिने स्वतः बूथचं दार बिजागरीतून उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मी पहिली फळी काढली. सोपं होतं. मालकाने खिळे कमी मारले होते.

मागच्या फळीवर आतल्या बाजूला पेन्सिलीने फोन नंबर लिहिलेले होते. नावं, नंबर. सगळ्यात खाली माझा. त्यापुढे डचमध्ये: सफरचंद. काही नावांवर रेघ होती. ती फळी तांतेने काढून घेतली आणि काउंटरमागे उभी केली. बाकीचं लाकूड आम्ही अंगणात रचलं.

मी लेझर काढायला खिशात हात घातला.

"ठेव ते आत," ती म्हणाली.

खेमेंटेतल्या बाई स्वतः आल्या. त्यांच्याकडे कापडी टेप होता, मधून लोंबणारा. दुसरं टोक मला धरायला दिलं. टेप भिंतीला टेकत नव्हता, हे मला दिसत होतं. मी काही बोललो नाही. सगळ्या प्रकरणात शहाणपणा म्हणावा असं मी केलेलं एवढंच. बाईंनी लिहिलं: सुमारे ३६.

परवाना आला, त्यावर दोन व्यवस्थापकांची नावं होती आणि माझं नाव चुकीचं छापलेलं होतं. दुरुस्तीचा अर्ज करू नकोस, असं मला घरातल्या दोघींनी आणि तांतेने वेगवेगळं बजावलं. रविवार होता. मी सवयीने फोन उचलला, 'मिळालं' एवढं सांगायला. मग परत ठेवला.

जूनमध्ये आत बसायला परवानगी मिळाली, आणि पहिल्याच शनिवारी तांतेने कॉफी ठेवली. सकाळपासून तिने फळीवरचे नंबर लावले. रेघ मारलेले सोडले, आणि त्या वर्षात गेलेले आणखी तीन सोडले. मला फोन आला तेव्हा मी घरी दाढी करत होतो.

"जिवंत आहेस का?"

"आहे."

"मग ये. तू व्यवस्थापक आहेस."

दीड मीटरच्या हिशेबाने आत फार थोडे मावले. बाकीचे बाहेर चर्चच्या भिंतीपर्यंत. मुलगाही आला होता. तो पाव वाढत होता आणि या खेपेला भिंतींकडे बघत नव्हता. अर्ध्या तासाने तांतेने नळ उघडला. एक म्हातारा उठला आणि मालकाने त्याला एकोणीस वर्षं कशी पातळ बिअर पाजली ते सांगू लागला. लोक हसले. बँडमधला एक जण तुतारी घेऊन आला होता, वाईटच वाजवली. मी नियमाप्रमाणे शुद्धीवर, बूथ होता त्या कोपऱ्यात उभा होतो. तिथल्या फरश्या चौकोनात जरा जास्त लाल होत्या. तिथे कुणी खुर्ची ओढली नव्हती.

तांतेने माझ्या हातात रसाचा ग्लास दिला आणि शेजारी उभी राहिली.

"तुझ्या वडलांची कॉफी झाली का?"

"नाही. आमच्याकडे तेराव्याला जेवण असतं. बंदी होती. चुलतभाऊ आणि भटजी, दोघंच."

"किती माणसं आली असती?"

मी मोजायला लागलो. खिडकीसमोर उभी राहिलेली, अर्ज परत मिळालेली, न मिळालेली, सोसायटीतली, सकाळच्या फिरण्यातली. जमेना.

"सुमारे दोनशे," मी म्हणालो.

ती खोलीकडे बघत राहिली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"इथे मावली नसती," ती म्हणाली.

"नाही."

"बाहेर बसवली असती."

"बाहेर बसवायचा परवाना वेगळा लागतो, तांते."

"मग तो अर्ज तू भरायचा नाहीस," ती म्हणाली आणि तुतारीवाल्याला गप्प करायला निघून गेली. मी तिथेच उभा राहिलो. व्यवस्थापकाला बंद होईपर्यंत जाता येत नाही.