पालथं घड्याळ

आबांच्या दुकानात शिरलेल्या माणसाला किती वाजले ते कधीच कळायचं नाही. एका घड्याळात सव्वातीन, शेजारच्यात आठ, त्याखालच्या लंबकवाल्यात बारा वाजून गेलेले, आणि प्रत्येक जण आपलंच खरं म्हणून टिकटिकत बसलेला. आबा चाळीस वर्षांचे घड्याळजी. त्यांचा नियम एकच: आजारी घड्याळाला वेळ विचारायची नाही. खरी वेळ काउंटरमागच्या काळ्या चौकटीच्या घड्याळाला विचारायची, बाकीची सगळी पेशंट.

हा नियम त्यांच्या लेकीला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होता. तिला सगळी गल्ली भिंगताई म्हणायची, कारण डोळ्याला लावायचं भिंग दोरीने कायम तिच्या गळ्यात. लग्नाच्या दिवशी ते काढायला लावताना मावशीच्या नाकी नऊ आले होते. मोठी झाल्यावर तिने दोन-तीन नोकऱ्या करून पाहिल्या आणि शेवटी आबांच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली ती बसलीच. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो म्हणायचा, "मी दिवसभर वर-खाली करतो, बायको दिवसभर गोल-गोल फिरवते, म्हणून आमचं पटतं." दुकानामागच्या दोन खोल्यांत तिघांचा संसार. भिंगताईचा हात असा हलका, की आबांना न सापडलेला बिघाड ती काढायची, आणि त्याचा तिला थोडा ताठा होता. थोडा कशाला, चांगलाच होता. उगाच कशाला लपवायचं.

त्या दिवसांत तिला सातवा महिना सरत आला होता, आणि हातात होतं मास्तरांचं घड्याळ. मास्तर निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी अजून शाळेच्या घंटेवरच जगत होते. त्यांचं चावीचं जुनं घड्याळ तिसऱ्यांदा दुकानात आलेलं. "चालता चालता मध्येच झोपतं हो," एवढीच तक्रार. आबांनी हात टेकले. मग भिंगताईने ते उघडलं, पुसलं, तेल दिलं, आणि या धंद्यात करतात तसं दोन दिवस स्वतःच्या डाव्या मनगटावर बांधून हिंडली. दोन दिवस ते नीट चाललं. ती मनात म्हणाली, आबांना जे जमलं नाही ते मी केलं.

मंगळवारी सकाळी आबा गावातल्या मोठ्या इमारतीच्या घड्याळाला चावी द्यायला गेले, नवरा कामावर गेला, आणि नऊच्या सुमारास तिचं पोट एकदम आवळून आलं. दगडासारखं झालं. तिने डावा हात पोटाखाली घालून ते तोलून धरलं, वाकून बसली, आणि थोड्या वेळाने ते सुटलं. मग पुन्हा आलं. तिने मावशीला फोन लावला. मावशी पाच बाळंतपणं निस्तरलेली. म्हणाली, "अगं, खऱ्या कळा ठरल्या वेळेला येतात. खोट्या मनाला येईल तेव्हा. तू मोज, आणि नेमक्या आल्या तर तडक दवाखान्यात जा."

मोजायचं म्हटल्यावर हिच्यासारखी दुसरी कोण? पण काळ्या चौकटीचं घड्याळ होतं पाठीमागे. मान वळवली की कंबरेतून चमक निघायची. आणि हे, स्वतःच्या हाताने बरं केलेलं, मनगटावर आयतं. तिने सुट्या भागांच्या एका पाकिटावर दोन कळांमधली मिनिटं लिहायला घेतली. साडेपाच. चार. सहा. सव्वाचार. असं तीन तास लिहिलं. एकाचा एकाला मेळ नाही. "खोट्या आहेत," ती पोटाला म्हणाली, "कशाला उगाच घाबरवतोस?"

बाराला आबा परतले. लेकीच्या कपाळावरचा घाम त्यांनी दारातूनच पाहिला.

"खोट्या आहेत आबा. मी मोजल्यात," तिने पाकीट पुढे केलं.

आबांनी ते वाचलंसुद्धा नाही. जावयाला फोन केला, गाडी बोलावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुकानाला कुलूप न लावता निघाले.

रुग्णालयात एक थोराड सिस्टर होत्या. फार बोलायच्या नाहीत. त्यांनी भिंगताईच्या पोटावर तळवा ठेवला, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या, आणि अर्ध्या तासाने म्हणाल्या, "दर सात मिनिटांनी. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही."

"नाही हो सिस्टर, मी सकाळपासून..." एवढ्यात कळ आली. तिने सवयीने डावा हात उताणा करून पोटाखाली घातला. सिस्टरांचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं.

"ताई, तुमचं घड्याळ बंद पडलंय."

कळ सरली, तिने हात काढला, आणि सेकंदकाटा पुन्हा निमूट चालू लागला. तेव्हा तिला कळलं. हात उताणा केला की घड्याळ पालथं व्हायचं, आणि पालथं झालं की ते झोपायचं. कळेभर झोपायचं, कळ गेल्यावर ती जितका वेळ पोट धरून बसेल तितका वेळ झोपायचं. सात मिनिटांतली कधी दीड, कधी तीन मिनिटं ते गिळून टाकत होतं. अंगावर काटा आला, आणि तरी मनाच्या एका कोपऱ्यातली घड्याळजीण म्हणाली, अच्छा, तबकडी खाली गेली की थांबतं होय. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टरबाईंनी तपासलं. पिशवीचं तोंड दोन बोटं उघडलेलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि सरळ सांगितलं, "बाळाची फुप्फुसं अजून तयार नाहीत. आज जन्मलं तर श्वास घेणं त्याला फार जड जाईल. मी तुम्हाला एक इंजेक्शन आत्ता देते, एक उद्या या वेळेला. त्यानंतर अजून एक दिवस मिळाला पाहिजे. गुरुवारी दुपारपर्यंत बाळ आत राहिलं, तर पुष्कळ मिळवलं."

"सकाळी नऊला आले असते तर?" तिने विचारलं.

"तर तीन तास आधी दिलं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नसावी.

मग सलाईनमधून एक औषध सुरू झालं. त्याने अंगभर ऊब पसरली, उन्हात ठेवलेल्या गादीसारखी ती जड आणि सैल झाली. डाव्या कुशीवर पडून राहायचं, उठायचं नाही. पडदे पांढरे होते, त्यांतून दुपार गाळून आत येत होती. पोटाला पट्टा बांधलेला, आणि त्यातून बाळाच्या काळजाचा आवाज खोलीभर चाललेला. घड्याळजीचे कान ते, झोपेतसुद्धा मोजणार. भिंतीवरच्या घड्याळाच्या दुपटीहून जलद, मनगटी घड्याळाच्या निम्म्याहून सावकाश. असं चालणारं घड्याळ आजवर दुकानात आलं नव्हतं.

डोळे मिटले की ती दुकानात असायची. पण दुकानाला छत नसायचं. घड्याळं वरपर्यंत टांगलेली, ढगांपर्यंत, आणि लंबकांच्या मधून एक इवलंसं मूल वाट काढत चाललेलं. लंबक बाजूला गेला की ते पाऊल टाकायचं, परत आला की थांबायचं. तिला हाक मारायची असायची, पण नावच ठेवलेलं नव्हतं. "सावकाश ये," ती म्हणायची, "अजून दुकान उघडलेलं नाही." मूल मान डोलवायचं आणि घड्याळांच्या मागे बसून राहायचं. डोळे उघडले की नवरा समोर, कपड्यांना ग्रीसचा वास, तिची पावलं दाबत बसलेला.

"किती वाजले?" ती विचारायची.

"बुधवार," तो म्हणायचा. त्याहून बारीक सांगायचं नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

बुधवारी दुपारी दुसरं इंजेक्शन झालं. कळा आता पंधरा मिनिटांवर गेल्या होत्या. त्या रेंगाळल्या, पुन्हा बाराच्या झाल्या, पुन्हा वीसच्या. आबा दाराशी बाकावर बसून. बायकांच्या वॉर्डात त्यांना यायला जमत नव्हतं, पण हलायलाही जमत नव्हतं. गुरुवारची दुपार झाली तेव्हा सिस्टरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तिने सगळ्यांदेखत रडून घेतलं. शुक्रवारी सकाळी उन्हं आत आली आणि बाळ आणखी थांबायला तयार झालं नाही.

मुलगी झाली. दीड किलोलाही थोडी कमीच. मांजराच्या पिलाएवढा आवाज काढला, पण काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ऐकलंत? हा त्या दोन दिवसांचा आवाज आहे."

मुलगी काचेच्या पेटीत गेली. चौथ्या दिवशी श्वासाची नळी निघाली, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला तोवर एक नवीनच सुरू झालं. मुलगी श्वास घ्यायची विसरायची. छान घेत असायची, आणि मध्येच थांबायची. यंत्र कोकलायचं, सिस्टर पेटीत हात घालून तळपायाला टिचकी मारायच्या, की पुन्हा सुरू. "कमी दिवसांची बाळं विसरतात ताई. वय वाढलं की आठवतं," सिस्टर म्हणाल्या. दिवसातून आठ वेळा, नऊ वेळा. प्रत्येक वेळी भिंगताईचा जीव टांगणीला. आणि डोक्यात एकच वाक्य फिरायचं: चालता चालता मध्येच झोपतं हो.

आठव्या दिवशी तिने सिस्टरांकडे कागद मागितला. सकाळपासून पेटीजवळच्या स्टुलावर बसली. या वेळी मिनिटं लिहिली नाहीत. मुलगी थांबली की फक्त कशी निजली होती ते लिहायचं. उजव्या कुशीवर. उताणी. हनुवटी छातीला. उताणी, हनुवटी छातीला. हनुवटी छातीला. संध्याकाळच्या आत नऊ नोंदी झाल्या, त्यांतल्या सात वेळा हनुवटी छातीला टेकलेली.

"सिस्टर, रागावू नका," ती म्हणाली, "पण ही थांबते ती एका ठरावीक पडण्यात. मान पुढे झुकली की."

"म्हणून तर खांद्याखाली गुंडाळी ठेवलीये."

"ती तिच्या मानाने जाड आहे. ही खाली घसरते, गुंडाळी डोक्याखाली जाते, आणि मान पुढेच वाकते. मघापासून चार वेळा झालं."

सिस्टरांनी चष्मा वर सरकवला, पेटीत वाकून बराच वेळ पाहिलं. मग मऊ कापडाची करंगळीएवढी गुंडाळी केली आणि खांद्याखाली नीट बसवली. मुलीची मान मोकळी झाली. त्यानंतरच्या दिवशी ती दोनदाच थांबली. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकदा. डॉक्टरबाईंनी तो कागद फाईलला लावून ठेवला. सिस्टर मात्र तेव्हापासून तिला घड्याळजी म्हणूनच हाक मारायला लागल्या.

सहा आठवड्यांनी मुलीला घरी सोडलं. सलग सात दिवस ती एकदाही विसरली नव्हती. "आता यंत्राची गरज नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि भिंगताई त्या यंत्राकडेच पाहत राहिली. इतके दिवस थांबलं की ओरडणारं कुणीतरी होतं. आता कोण ओरडणार?

अकराच्या सुमारास तिघं मुलीला घेऊन दुकानात शिरले. आत जाण्याआधी ती जुन्या स्टुलावर टेकली, मुलीला छातीशी धरून कान खाली नेला. आणि काही ऐकू येईना. भिंतभर टिकटिक, ठोके, घरघर. जन्मापासूनची ओळखीची घड्याळं, पण त्यांच्यात मुलीचा श्वास बुडून गेला. ती बोट नाकाशी नेऊ लागली, पुन्हा कान लावू लागली. चेहरा पांढरा पडला.

"आबा, मला ऐकूच येत नाहीये," ती म्हणाली.

आबांनी चपला काढल्या, आणि पहिल्या लंबकाला दोन बोटांनी हलकेच धरून थांबवलं. मग दुसऱ्याला. जावई शिडी घेऊन आला आणि वरच्या घड्याळांचे सेल काढायला लागला. सव्वातीनचं थांबलं, आठचं थांबलं. चाळीस वर्षांत एक घड्याळ बंद दिसलं तर ज्यांना जेवण गोड लागायचं नाही, ते आबा एकेकाला हात लावून निजवत चालले. शेवटी काउंटरमागच्या काळ्या चौकटीपाशी आले, आणि तेही थांबवलं.

तेवढ्यात मास्तर दारात. "अहो, दीड महिना झाला, माझं..." त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं राहिलंच. आबांनी ओठांवर बोट ठेवलं. मास्तर पावलं न वाजवता येऊन बाकावर बसले.

तरी एक टिकटिक बाकी होती. काउंटरवरच्या ट्रेमध्ये रुग्णालयातून परत आणून टाकलेलं मास्तरांचं घड्याळ. आबांनी रागाने त्याला इतके दिवस उघडलं नव्हतं, पण चावी मात्र रोज दिली होती, सवय जाते कुठे. भिंगताईने हात लांबवून ते उचललं आणि काचेवर तबकडी खाली करून ठेवलं. ते लगेच झोपलं.

मग तिला ऐकू आलं. आत, बाहेर. आत, बाहेर. बारीक, पण नीट. चौघंही बराच वेळ ते ऐकत बसले, आणि किती वेळ ते कुणालाच सांगता आलं नसतं.