मालविकाच्या कपाळावरचं कुंकू

“मालविकाला कुंकू कुणी लावलं?” मॉनिटरवर नुकताच झालेला सीन बघता बघता आमचे दिग्दर्शक केतन सर ओरडले.

मालविका ही आमच्या मालिकेतली दुष्ट जुळी बहीण. दुसरी मंगला, अगदी गरीब गाय. दोघींची कामं एकच नटी करते. प्रेक्षकांना ओळखता यावं म्हणून मंगलाला लाल कुंकू आणि मालविकाला काळी टिकली. बाकी नाकडोळे तेच.

मी कंटिन्युइटी बघते. म्हणजे एका शॉटमध्ये हातात हिरव्या बांगड्या असतील, तर पुढच्या शॉटमध्ये त्या लाल होऊ द्यायच्या नाहीत. पण नेमकं त्या दुपारी सरांनीच मला दुसऱ्या युनिटला पिटाळलं होतं. परत आले, तोवर शॉट होऊन गेला होता.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. सासूचं काम करणाऱ्या आमच्या माई दर वर्षी कोलशेतच्या सेटवरच घट मांडतात. जेवणानंतर त्यांनी सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावलं. नटीची काळी टिकली काढून तिलाही लावलं. ती माईंच्या पाया पडली आणि तशीच शॉटला गेली. ‘मंगलाला मीच गोडाऊनमध्ये कोंडलंय!’ असं म्हणून खदाखदा हसली. पडद्यावर मंगलानेच मंगलाला कोंडलं.

एपिसोड त्याच रात्री लागणार होता. नटी शॉट देऊन एका दुकानाच्या उद्घाटनाला नाशिकला निघून गेली होती, फोन बंद. कुंकू कॉम्प्युटरवर पुसायला वेळ नाही, असं एडिटरने सांगून टाकलं.

“अहो, सवाष्णीला कुंकू लावलं, त्यात माझं काय चुकलं?” माई म्हणाल्या.

त्यांना कोण बोलणार? सर माझ्याकडे वळले. “मॅडम, हा एपिसोड असा गेला ना, तर उद्यापासून डोंबिवलीला घरीच बसा.”

मला रडूच आलं. मला दुसरं काम येत नाही आणि खरं सांगायचं तर दुसरं आवडतही नाही. डोळे पुसत होते, तर समोर रूपाली वडापाव खात बसलेली दिसली. रूपाली आमची डुप्लिकेट. दोन्ही बहिणी एकत्र असल्या, की कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहते ती. तिची पाठ अख्खा महाराष्ट्र बघतो. चेहरा ती राहते त्या ठाकुर्लीतही कुणी ओळखत नाही.

“सर, एक शॉट द्या,” मी म्हटलं. “सीनच्या आधी लावू. मालविका टिकली काढते आणि कुंकू लावते. बहिणीचं सोंग घेते. फक्त पाठ आणि हात.”

“अगं ताई, माझ्या हाताला चटणी लागलीये!” रूपाली म्हणाली.

“धू मग!”

तिने हात धुतले, मालविकाची साडी नेसली. काळी टिकली टेबलावर पडली, बोट माईंच्या करंड्यात बुडलं. माईंनी करंडा आधी देवीसमोर ठेवला, मगच दिला.

लोकांना तो ट्विस्ट भयंकर आवडला. माझ्या सासूबाईंनी तर टीव्हीसमोरून उठून मला सांगितलं, “बघ, डोकं असावं तर असं!” चॅनेलने सोंगाचा ट्रॅक वाढवला. आता दोन्ही बहिणी लाल कुंकू लावतात आणि त्यातली कुठली कोण आहे हे लक्षात ठेवताना माझं डोकं फिरतं.

नंतर कळलं, की चॅनेलच्या मीटिंगमध्ये केतन सरांनी ती आयडिया स्वतःची म्हणून सांगितली आणि टाळ्या घेतल्या. मला घरी बसवणारे सर वेगळे आणि हे वेगळे असणार. इतक्या वर्षांत एवढं शिकले, की डबल रोल ओळखायला टिकली लागतेच असं नाही.