रफार

मुद्रितशोधक म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना छापखान्यात ‘कानामात्रा’ म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर पर्जन्यमापक, तापमापक आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण बसवला. नोंदींसाठी स्वतःच वेबसाइट उभारली : एचटीएमएलची चौदा पानं, प्रत्येकाच्या माथ्यावर तोच मेनू चिकटवलेला.

एका गुरुवारी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुन्या मित्राचा फोन आला. “कानामात्रा, तुझ्या ‘आर्द्रते’चा रफार कुठे उडाला रे? वारा फार होता का?”

मेनूत ‘आद्रता’ होतं. चौदाही पानांवर.

“रविवारी छापखान्यातले आपण सगळे जमतोय,” मित्र म्हणाला. “तोवर दुरुस्त कर, नाहीतर तिथे जाहीर वाचन.”

कानामात्रांनी हाताने दुरुस्ती केली. तपासलं, तर तीन पानं सुटलेली. बायको म्हणाली, “लोकांच्या चुका बऱ्या सापडायच्या!”

वेबसाइटी बनवणारी भाची आली. “मामा, तीच ओळ चौदा वेळा कशाला लिहितोस? मेनू एका फाइलीत ठेव, नोंदी दुसरीत. पानं एचटीएमएलऐवजी पीएचपीची करू, पत्त्याचं शेपूट तेवढं बदलेल. प्रत्येक पान आपलं आपण तिथून उचलेल.”

“म्हणजे रफार एकदाच द्यायचा?”

“एकदाच.”

शनिवारी नवी पानं चढली. मेनू त्यांनी ओळीखाली पट्टी धरून वाचला, मग उलटा वाचला.

रविवारी मित्राने सर्वांसमोर मोबाइल उघडला. “आद्रता! आणि बाहेर धो धो पाऊस, इथे कडक ऊन!”

हशा पिकला. कानामात्रांचा चेहरा उतरला. मोबाइल हातात घेऊन त्यांनी वर पत्ता वाचला : शेवटी ‘एचटीएमएल’. मित्राने जुनाच पत्ता जपून ठेवला होता आणि सुटलेल्या तीन पानांपैकी एक गुरुवारच्या उन्हासकट जागेवर होतं. जुनं प्रूफ फाडायचं नाही, ही छापखान्याची सवय त्यांनी जुनी पानं न पुसता इथेही पाळली होती.

“तू जुनं प्रूफ वाचतोयस,” ते म्हणाले.

“मग दारावर कशाला टांगलंस?”

त्या संध्याकाळी कानामात्रांनी आयुष्यात प्रथमच जुनी प्रुफं फाडली, चौदाच्या चौदा. सोमवारी सकाळी मित्राचा फोन.

“अरे, आता ‘पान सापडत नाही’ असं येतंय.”

“नीट वाच. मीच लिहिलंय ते. शुद्धलेखन बघ.”

पलीकडून एकेक अक्षर लावून वाचल्याचं पुटपुटणं ऐकू आलं.

“बरोबर आहे,” मित्र नाइलाजाने म्हणाला.

मगच त्याला नवा पत्ता मिळाला.