पाचवं घर

अनोळखी बाई माझ्या सुनेला, मंगलला, काखेत हात घालून दाराबाहेर ओढत होती. मंगलची मान लुळी पडली होती. मी नळावरून घागर घेऊन येत होते. चोर समजून ओरडले, "ए, कोण गं तू?"

"ओरडू नका मावशी. आत जीव कोंडतोय. लेकरू हाय का आत?"

लेकरू होतं. बारा दिवसांची नात. घागर टाकून मी आत शिरले, तिला बाजेवरून उचलून उघड्यावर आणलं. अंग गरम होतं, पण ती रडत नव्हती.

चूक माझी होती. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. किल्लारीकडच्या आमच्या मातीच्या घराला वर धुराची वाट होती. ही पुण्याजवळच्या कारखान्यांच्या वस्तीतली स्लॅबची खोली. त्यात वारं लागू नये म्हणून मी खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. बंद खोलीत निखारा माणूस मारतो, हे मला ठाऊक नव्हतं.

दाराला कडी मात्र नव्हती. भूकंपात घर बसलं तेव्हा कडी अडकली आणि माझी लेक आत मेली. तेव्हापासून मी कडी लावू देत नाही. मंगल म्हणायची, "आत्याबाई, शहरात चोर सगळं नेतील." मी म्हणायचे, "न्यायला हाय काय? तुला कोण नेतंय?"

लेक गेली तेव्हाच तुळजाभवानीची जोगव्याची परडी मी फडक्यात बांधून टाकली. आईला म्हटलं, तुझं-माझं संपलं. गावात काही उरलं नाही, लेकाला कारखान्यात काम लागलं म्हणून इकडे आलो, तेव्हा गाठोडं आणलं, पण सोडलं नाही.

ती बाई लोह्याकडची. तिचा नवराही कारखान्यातच. मंगळवार म्हणून जोगवा मागत होती. चार घरं झाली, पाचवं मिळेना. सगळीकडे दारं बंद, नाहीतर 'पुढं जा'. आमचं दार नुसतं लोटलेलं. तिनं दोनदा 'उदो' म्हटलं. कुणी बोललं नाही, म्हणून दार ढकललं.

"मी लई हट्टी, मावशी," ती म्हणाली. "पाचवं घर घेतल्याबिगर परत जात न्हाई."

तेवढ्यात नात रडली. मंगलनंही डोळे उघडले. दोघींना रिक्षात घालून दवाखान्यात न्यायच्या आधी मी ओल्या हातानं त्या बाईच्या परडीत मूठभर पीठ टाकलं.

आईनं तिला धाडलं की तिचा हट्टच तसा, मला कळत नाही. लेक का नेली, तेही कळलं नाही. आता विचारत नाही. गाठोडं सोडलं. दर मंगळवारी पाच घरं मागते. कुणी 'पुढं जा' म्हटलं, तर पुढं जाते. जे पदरात पडेल ते आईचं.

नात आता लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला आहे. खोलीला कडी लाव म्हणून मला फोनवर रागावते.

त्या दिवशी आत दोघी होत्या. दोघी जगल्या.