वहिनीच्या ओटच्या वड्या

आमच्या घरात ओटचा डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातले चिमूटभर ओट तळहातावर घेतले, हुंगले आणि म्हणाले, "ह्ये पागेतल्या घोड्यांचं खाणं न्हवं का?" त्यांचं काही चुकत नव्हतं. कोल्हापुरात तोवर मी तरी ओट खाणारं माणूस पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, "पोह्यांचा चुरा दिसतोय." मी मात्र डब्यावरचं रंगीत चित्र बघूनच वेडी झाले होते. मी तेव्हा बारा वर्षांची होते, आणि मला वेडं व्हायला फारसं काही लागायचं नाही.

डबा वहिनीच्या माहेरून, मिरजेहून आला होता. तिचे वडील तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. दवाखान्यातली एक परदेशी नर्स आजाऱ्यांना ओटची पेज द्यायची आणि स्वतःसाठी त्याच ओटच्या वड्या करायची. वहिनी लहानपणी तिच्या स्वयंपाकघरात पडीक असायची. लग्न होऊन येताना तिनं दागिन्यांच्या डबीत त्या वड्यांची कृती लिहिलेला कागद ठेवला होता, हे मला माहीत होतं, कारण तिची ती डबी मी तिला न विचारता उघडली होती. वहिनी त्यावर रागावली नाही. ती माझ्यावर रागावूच शकत नव्हती. मी नवऱ्याची बहीण, म्हणून तिनं मला 'वन्सं' म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं, अशी आमच्याकडची रीत. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि मी परकराच्या ओच्यात चिंचा घेऊन फिरणारी. तरी "वन्सं, जेवायला येता का?" हे मी मोठ्या तोऱ्यात ऐकून घ्यायची.

त्या वर्षी माझ्या शाळेत पाकशास्त्र शिकवायला बाई हव्या होत्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेनं, येणाऱ्या प्रत्येकीला एक नमुन्याचा पाठ घ्यायला लावायचं ठरवलं होतं. आमची शाळा सकाळची. आसपासच्या खेड्यांतल्या मुली अंधारात उठून चालत यायच्या आणि उपाशीपोटी प्रार्थनेला उभ्या राहून धडाधड चक्कर येऊन पडायच्या. तेव्हा पोरींना दप्तरात टाकून आणता येईल, चार दिवस टिकेल आणि पोटाला आधार होईल असा एक पदार्थ वर्गाला शिकवून दाखवा, एवढीच त्यांची अट होती. हे मी घरी येऊन सांगितलं आणि वहिनीच्या हातातली परात तशीच राहिली.

वहिनी मॅट्रिक होती. मॅट्रिक झालेली सून तेव्हा पाहुण्यांना सांगायला बरी वाटायची, त्यापलीकडे तिच्या मॅट्रिकचं कुणाला काही नव्हतं. पण तिला शिकवायचं होतं. ते तिनं दादाला सांगितलं, दादानं नेहमीप्रमाणे आप्पांकडे बघितलं, आणि आप्पांनी पानाला चुना लावता लावता निकाल दिला. "जा की. पर एकदाच. त्यांनी न्हाय म्हटलं की ह्यो विषय बंद. पुन्यांदा ह्या घरात काढायचा न्हाय." वहिनी "हो, मामंजी" म्हणाली आणि आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले, तर ती चुलीपुढं बसून नुसती स्वतःच्या हातांकडे बघत होती. मला आप्पांचा राग आला, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. माझी वहिनी माझ्या शाळेत! मी त्या रात्री मनातल्या मनात तिला तीनदा नेमून टाकलं.

ओटचा डबा एकच. म्हणजे एकच ट्रे, एकच खेप, चाचणी वगैरे काही नाही. फळांसाठी आईनं आपले राखीव साठे उघडले. औषधाच्या मनुका, कुणाच्या तरी बाळंतपणासाठी आणून ठेवलेली खारीक, आणि उपासाला ठेवलेले अंजीर. कागदावर साखरेचा पाक लिहिला होता, पण साखर रेशनची, आणि कोल्हापुरात राहून साखरेसाठी रडायचं म्हणजे कमालच. वहिनी म्हणाली, "वन्सं, शाहूपुरीतून अर्धा शेर गूळ आणता का? साधाच आणा हं, पिवळा."

साधाच आणा. हे शब्द मी स्पष्ट ऐकले होते. पण शाहूपुरीत त्या अडत्याच्या दुकानात शिरले, भिंतीला लावलेल्या ढेपा बघितल्या, तो वास नाकात भरला, आणि माझ्या अंगात आलं. अडत्या म्हणाला, "काय पायजे गं पोरी?" मी म्हटलं, "गूळ. वड्यांसाठी. सगळ्यात भारी द्या. आमची वैनी उद्या शाळंत मास्तरीण होणार हाय!" अडत्या खूश झाला. आतून एक वेगळी ढेप काढून त्यानं मोठ्या प्रेमानं गूळ तोडून दिला. "ह्यो ने. ह्याच्या वड्या आशा बसतील की नाव घ्यायला नगो." मी नाचत घरी आले. वहिनीनं गूळ बघितला, थोडी थबकली, पण काही विचारलं नाही. तो होताच इतका देखणा, सोन्यासारखा. आणि नणंदेनं आणलेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची?

दुपारी तुपात गूळ विरघळला तेव्हा घरभर वास सुटला आणि शेजारची दोन माणसं काही काम नसताना डोकावून गेली. वहिनीनं त्यात ओट घातले, बारीक चिरलेली खारीक, अंजीर, मनुका घातल्या, वेलची कुटून घातली आणि सगळं पत्र्याच्या ट्रेमध्ये थापलं. वर ओला फडका टाकून आम्ही दोघी बेकरीत निघालो. दिवाळीत आमच्याकडे घरोघरची माणसं रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत जातात आणि नानकटाई भाजून आणतात. पण दिवाळी होऊन महिना झाला होता. भट्टीवाला म्हणाला, "काय वैनी, आता कसली नानकटाई घेऊन आलासा?"

"नानकटाई न्हाय, वड्या हायत," मीच ओरडले.

"वड्या? आन् भट्टीत? बरं हाय की. बघूया."

पावांची शेवटची खेप निघाली होती, भट्टी उतरत होती. त्यानं लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे आत सरकवला. आम्ही मैद्याच्या पोत्यांवर बसलो. वहिनी कडेनं बसली होती, मी दर दोन मिनिटांनी उठून आत डोकावत होते आणि भट्टीवाला मला दर दोन मिनिटांनी हाकलत होता. ट्रे बाहेर आला तेव्हा कडा तांबूस झाल्या होत्या आणि गूळ अजून बुडबुडत होता. भट्टीवाल्यानं एक कोपरा उलथन्यानं मोडला आणि तिघांनी फुंकून फुंकून खाल्ला. मऊ, चिकट, मध्येच अंजिराचं बी दाताखाली कुरकुरणारं! मी आयुष्यात त्याच्याइतकं चांगलं काही खाल्लं नव्हतं. भट्टीवाला बोटं चाटत म्हणाला, "वैनी, झ्याक झालंय. गरम हाय तवर कापून टाका."

"कागदावर तर गार झाल्यावर कापायचं लिहिलंय," वहिनी म्हणाली. शिवाय तिला वड्या वर्गासमोरच कापायच्या होत्या. भट्टीवाल्यानं मान हलवली आणि पैसे न घेता आम्हाला वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला आमचा वर्ग चाळीस मुलींनी भरला होता. मागं मोठ्या बाई खुर्ची टाकून बसल्या. वहिनी इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून आली होती. टेबलावर ट्रे, फडक्यात सुरी, बाजूला पेटलेली शेगडी. ती बोलायला लागली आणि मी चाट पडले. घरात जिचा आवाज चुलीपलीकडे जात नसे, ती मागच्या बाकापर्यंत स्वच्छ ऐकू येत होती. ओट म्हणजे काय, उपाशीपोटी चालल्यावर चक्कर का येते, फळं का घालायची, सगळं तिनं सांगितलं. मी शेजारणीच्या बरगडीत कोपर खुपसून सांगत होते, "आमची वैनी! आमची वैनी!"

मग तिनं फडकं काढलं आणि सुरी लावली.

सुरी आत गेली नाही. तिनं जोर लावला. सुरी सटकून ट्रेच्या काठावर खण्णकन आपटली. तिनं पुन्हा प्रयत्न केला, दोन्ही हातांनी. ट्रे टेबलावरून सरकला आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी फिस्सकन हसली. मग दुसरी. मग सगळा वर्ग. आप्पांचं 'एकदाच' माझ्या कानात वाजायला लागलं.

वहिनीनं सुरी खाली ठेवली. चेहरा लाल झाला होता, पण पळाली नाही. म्हणाली, "काल हे मऊ होतं. आज दगड झालंय. का झालं असेल? कोण सांगतं?"

मागच्या बाकावरची एक थोराड मुलगी उठली. तिच्या घरचं गुऱ्हाळ होतं. ती सरळ टेबलाशी आली, कडेचा एक कण नखानं उचकटून तोंडात टाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, ह्यो चिक्कीचा गूळ हाय की! ह्येचा पाक लई कडक बसतो. साध्या वड्यास्नी कुणी घालतं व्हय? कुणी आणला ह्यो?"

"मी आणला," वहिनी म्हणाली.

ती हे किती सहज म्हणाली! माझ्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. त्या क्षणी मला इतकी लाज वाटली की बसवेना. मी उठून उभी राहिले आणि रडक्या आवाजात ओरडले, "न्हाय, मी आणला! तिनं साधा सांगितलावता. मीच भारी मागितला."

मोठ्या बाई खुर्चीत पुढं सरकल्या. वहिनीनं आता माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, ती 'वन्सं' म्हणणार आणि सगळा वर्ग पुन्हा हसणार. पण ती म्हणाली, "दुकानदाराला नेमकं काय सांगितलंस?"

सांगितलंस! मी गडबडले. "वड्यांसाठी पायजे म्हणाले, बाई."

"मग त्याचं काही चुकलं नाही. आपल्याकडे वड्या म्हटलं की चिक्कीच्याच. आणि गूळ वेगळा आहे हे माझ्याही लक्षात आलं होतं, मी विचारलं नाही. शिवाय भट्टीवाल्यानं गरम असतानाच कापा म्हणून सांगितलं होतं, तेही ऐकलं नाही. बस खाली."

मी बसले. वहिनीनं ट्रे उचलून शेगडीवर ठेवला, हळूहळू फिरवत राहिली, आणि वर्गाला सांगत राहिली की पाक गार होताना का घट्ट होतो आणि ऊब लागली की का सैल पडतो. पाच मिनिटांत वास सुटला. चाळीस उपाशी पोरी माना उंचावून बघायला लागल्या. तिनं सुरीला तूप लावलं, आणि सुरी सरसर गेली. गुऱ्हाळवालीला तिनं वाटायला लावलं. गरम वडी तोंडात टाकून पोरी हाशहुश करत होत्या, बोटं चाटत होत्या, आणखी मागत होत्या. फळ्यावर वहिनीनं दोनच ओळी लिहिल्या: गूळ साधा घ्यावा. गरम असताना कापावे.

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. मी दाराआड होतेच. त्यांनी विचारलं, "ती मुलगी तुमची कोण?"

"धाकटी नणंद."

"घरी तिला अहो म्हणत असाल."

"हो."

मोठ्या बाईंनी उरलेली वडी सावकाश संपवली, हात पुसले. "सोमवारपासून या. गूळ मात्र मी आणून देते."

शाळा सुटेपर्यंत मी काही शिकले नाही. शाळा दहाला सुटायची आणि आप्पा साडेदहाला कचेरीला निघायचे. वहिनी माझ्यासाठी फाटकाशी थांबली होती. रिकामा ट्रे काखेत, पदर खोचलेला. म्हणाली, "मामंजी निघायच्या आत पोचायचंय," आणि पळत सुटली. इस्त्रीच्या पातळात, भर रस्त्यात, टांगे चुकवत. लोक थांबून बघत होते. मी दप्तर सावरत मागं धावत होते आणि मला तिला गाठता येत नव्हतं.

आप्पा टोपी घालून दारातच होते. सून धावत येतेय म्हटल्यावर ते घाबरले. "काय झालं? काय झालं?"

"घेतलं, मामंजी. मला घेतलं."

आप्पांनी वळून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आईला हाक मारली, "आगं, भाईर ये! सूनबाई मास्तरीण झाली की!" शेजारपाजारची माणसं दारात आली. वहिनी उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली, तोंडाला पदर न लावता, अगदी मोठमोठ्यानं. दोन वर्षं ती आमच्या घरात राहत होती, आणि तिचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.